इन्फ्लूएन्झाच्या न्यूरामिनिडेजवर औषध रचताना: कामाचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

एम. फार्म. आणि बायोइन्फर्मॅटिक्सच्या प्रबंधांत एक ठरलेला नमुना वारंवार दिसतो. पीडीबी या प्रथिनरचनांच्या सार्वजनिक संग्रहातून न्यूरामिनिडेज या विषाणूच्या एन्झाइमची एखादी फाइल उतरवायची, चाळीस-पन्नास वनस्पतिजन्य संयुगे ऑटोडॉक व्हिना या डॉकिंग प्रोग्रॅममध्ये टाकायची (डॉकिंग म्हणजे रेणू प्रथिनात कसा बसेल याचा संगणकी अंदाज), आणि एखाद्या फ्लॅव्होनॉइडला ओसेल्टामिविर या प्रचलित औषधापेक्षा चांगला स्कोअर (जितका जास्त उणे, तितकी पकड घट्ट) मिळाला की ते ‘आश्वासक औषध’ म्हणून जाहीर करायचे. हा निष्कर्ष बहुतेक वेळा टिकत नाही. चूक शेवटच्या तक्त्यात नसते, तयारीत असते: चुकीची फाइल, चुकीचा रेणू, चुकीचा प्रोटॉन. म्हणून या लेखात तयारीला आणि क्रमाला जास्त जागा दिली आहे. ज्या एन्झाइमवर मान्यताप्राप्त औषधे आहेत, तिथे आपली पद्धत आधी त्या औषधांना ओळखते का ते पाहायचे आणि मगच नव्या रेणूंकडे वळायचे. हा क्रम मोडला तर पुढचे सगळे आकडे निरर्थक ठरतात.

इन्फ्लूएन्झा ए विषाणूचे एन१ न्यूरामिनिडेज हे उदाहरण घेतले आहे. त्याच्या स्फटिकरचना भरपूर आहेत, एन्झाइम-चाचणी साधी आहे, आणि सगळे काम पुनर्संयोजित प्रथिनावर करता येते, जिवंत विषाणूची गरज पडत नाही.

## टप्पा १: फाइल निवडा

न्यूरामिनिडेज हे चार एकसारख्या घटकांचे प्रथिन आहे. प्रत्येक घटकाच्या डोक्यात सहा पात्यांचा बीटा-प्रोपेलर असतो आणि त्याच्या मधोमध सक्रिय जागा. या जागेला लागून १४७ ते १५२ या अमिनो आम्लांचा एक लूप आहे. त्याला १५०-लूप म्हणतात. निम्मे घोटाळे या लूपपासून सुरू होतात.

एन१ गटाच्या रिकाम्या रचनेत हा लूप उघडा असू शकतो आणि त्याच्या मागे एक जादा पोकळी दिसते. इनहिबिटर, म्हणजे एन्झाइम रोखणारा रेणू, बसल्यावर लूप हळूहळू मिटतो. एच५एन१च्या एन१साठी २एचटीवाय (हा पीडीबीतला क्रमांक) ही रिकामी, उघडी रचना आहे. २एचयू० मध्ये ओसेल्टामिविर आहे पण लूप उघडाच आहे. २एचयू४ मध्ये ओसेल्टामिविर आहे आणि लूप मिटलेला आहे. २००९च्या साथीच्या विषाणूचे एन१ मात्र रिकाम्या अवस्थेतही स्फटिकात मिटलेलेच आढळले (३एनएसएस). म्हणजे ‘एन१ आहे, तेव्हा पोकळी असणारच’ हे गृहीत धरता येत नाही.

काय निवडायचे? ज्ञात औषधांच्या ठिकाणी बसणारा रेणू रचायचा असेल तर मिटलेली, लिगंड (प्रथिनात बसलेला छोटा रेणू) असलेली रचना घ्या: २एचयू४, किंवा २००९च्या एन१साठी ३टीआय६. १५०-पोकळीत घुसणारा रेणू रचायचा असेल तरच उघडी रचना घ्या, आणि त्या निवडीचे कारण लिहून ठेवा. उघड्या रचनेत सक्रिय जागा मोठी दिसते, त्यामुळे मोठे रेणू सहज बसतात आणि स्कोअर फुगतात. प्रबंधांतले कितीतरी ‘आश्वासक’ ग्लायकोसाइड इथेच जन्माला येतात.

सावधान: क्रमांकन दोन प्रकारचे असते. शोधनिबंधांत बहुधा एन२ क्रमांकन वापरतात, त्यात ओसेल्टामिविरला दाद न देणारा प्रसिद्ध बदल एच२७४वाय (२७४व्या हिस्टिडिनच्या जागी टायरोसिन) असा लिहिला जातो. एन१ क्रमांकनात तोच बदल एच२७५वाय होतो. फाइल उघडल्यावर आधी आर्जिनिन ११८, २९२ आणि ३७१ हे तिघे एकमेकांजवळ आहेत का ते डोळ्यांनी पाहा. नसतील तर फाइलचे क्रमांकन वेगळे आहे, सगळी यादी त्याप्रमाणे जुळवून घ्या. काही फाइलींत क्रमांक मधेच गळलेले किंवा क्रमांकापुढे अक्षर जोडलेले दिसते. तिथे साखळी खरोखर तुटलेली आहे की फक्त क्रमांकनाची सोय आहे, हे अंतर मोजून ठरवा. आपोआप लूप भरणाऱ्या प्रोग्रॅमवर सोडून देऊ नका.

## टप्पा २: प्रथिन तयार करा

१. एक साखळी ठेवा. डॉकिंगला एक पुरते, कारण सक्रिय जागा प्रत्येक घटकात स्वतंत्र असते. फाइलमध्ये अनेक साखळ्या असतील तर सक्रिय जागेभोवतीची इलेक्ट्रॉन-घनता जिच्यात सर्वांत स्पष्ट आहे ती निवडा. नेहमी ‘ए’ साखळीच घ्यायची असा नियम नाही.

२. कॅल्शियम आयन काढू नका. ‘हेटेरोअणू काढा’ असा एकच आदेश दिला की लिगंड आणि पाण्याबरोबर कॅल्शियमही जाते. हा आयन सक्रिय जागेजवळच्या भागाची घडी धरून ठेवतो. पुढे मॉलिक्युलर डायनॅमिक्स, म्हणजे अणूंच्या हालचालीचे संगणकी अनुकरण, करणार असाल तर त्याच्याविना रचना सैल होते आणि तुम्ही रेणूला दोष देत बसता. तयारीनंतर त्याच्यावरचा विद्युतभार +२ आहे का ते फाइल उघडून पाहा. काही साधने तो शून्य ठेवतात.

३. पृष्ठभागावरच्या साखरा, म्हणजे ग्लायकन, डॉकिंगसाठी काढल्या तरी चालतात. डायसल्फाइड बंध मात्र जपा.

४. हायड्रोजन जोडताना पीएच ६.५ धरा. एन्झाइम-चाचणी त्याच पीएचला होणार आहे. हिस्टिडिन २७४चा प्रोटॉन कुठे आहे ते हाताने तपासा. ग्लुटामेट ११९, २२७, २७६, २७७ आणि ॲस्पार्टेट १५१ यांना ऋण भारच ठेवा.

५. पाणी: पहिल्या फेरीत सगळे काढा. पुनर्डॉकिंग (टप्पा ४) जमले नाही तर सक्रिय जागेतले घट्ट बसलेले एक-दोन रेणू परत ठेवून पाहा. उलट क्रमाने गेलात तर नव्या लिगंडची जागा पाण्याने अडलेली असते आणि ते तुमच्या लक्षातही येत नाही.

## टप्पा ३: लिगंड तयार करा

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक याच टप्प्यात होते. ‘ओसेल्टामिविर’ नावाने डेटाबेसमधून जो रेणू येतो तो इथाइल एस्टर असतो, म्हणजे प्रोड्रग, शरीरात गेल्यावर औषधात बदलणारे रूप. यकृतातल्या कार्बॉक्सिलएस्टरेजने एस्टर तुटल्यावर जे ओसेल्टामिविर कार्बॉक्सिलेट उरते, ते खरे औषध. एस्टरमध्ये मोकळा कार्बॉक्सिलेट नसल्यामुळे तीन आर्जिनिनांशी होणारी मुख्य पकडच नाहीशी होते. एस्टर डॉक करून मिळालेला कमकुवत स्कोअर ‘प्रमाण औषधाचा’ म्हणून छापायचा आणि आपला रेणू त्याच्यापेक्षा सरस ठरवायचा, हे छापील निबंधांतही सर्रास दिसते.

रेणुभारावरून खात्री करा. कार्बॉक्सिलेट, आम्लरूपात: २८४.४. एस्टर: ३१२.४. कॅप्सूलमधले फॉस्फेट मीठ: ४१०.४. हाच गोंधळ प्रयोगशाळेत पुन्हा होतो, तेव्हा बाटलीवरचे नावही आताच वाचून ठेवा. लॅनिनामिविर ऑक्टॅनोएट आणि बालोक्साविर मार्बोक्सिल ही इन्फ्लूएन्झाची औषधेसुद्धा प्रोड्रगच आहेत.

नंतर आयनीकरण. झानामिविर या दुसऱ्या मान्यताप्राप्त औषधामध्ये कार्बॉक्सिल ऋण, ग्वानिडिनो धन. ओसेल्टामिविर कार्बॉक्सिलेटमध्ये कार्बॉक्सिल ऋण, अमिनो धन. दोन्ही रेणू एकूण उदासीन, पण दोन टोकांना विरुद्ध भार असलेले. स्माइल्सवरून, म्हणजे रेणूच्या एका ओळीत लिहिलेल्या सूत्रावरून, थेट त्रिमितीय रूप बनवले तर भार नसलेला रेणू मिळतो.

तिसरी बाब कडे. व्हिना एकेरी बंध फिरवते, पण कड्याचा आकार जसा दिला तसाच ठेवते. झानामिविर आणि ओसेल्टामिविरच्या कड्यांत दुहेरी बंध आहे, त्यामुळे ती अर्ध-खुर्चीसारखी वळलेली असतात, आणि वळण दोन दिशांनी असू शकते. हे एन्झाइम जी साखर कापून वेगळी करते ते सायलिक ॲसिड द्रावणात खुर्ची-रूपात असते, सक्रिय जागेत मात्र होडी-रूपाकडे झुकते. म्हणून प्रत्येक लिगंडची कड्यांची निदान दोन-तीन रूपे वेगवेगळी बनवा आणि सगळी डॉक करा.

तपासा: प्रत्येक असममित कार्बनची आर किंवा एस रचना मूळ नोंदीशी ताडून पाहिली का? ओसेल्टामिविरसाठी ती ३आर, ४आर, ५एस आहे. फाइलचे रूप बदलताना ही माहिती नकळत उलटते.

## टप्पा ४: पद्धत खरी ठरते का ते आधी पाहा

ग्रिड बॉक्सचे केंद्र म्हणून स्फटिकातल्या लिगंडचा मध्यबिंदू घ्या. बाजू २० ते २२ अँगस्ट्रॉम पुरेशा आहेत. संपूर्ण प्रथिनावर बॉक्स टाकून केलेले ‘ब्लाइंड डॉकिंग’ इथे विनाकारण आहे, सक्रिय जागा माहीत आहे. व्हिनाचा एक्झॉस्टिव्हनेस मुळात ८ असतो. तो ३२ करा आणि प्रत्येक लिगंड वेगवेगळ्या सीडने (यादृच्छिक सुरुवातीच्या आकड्याने) तीनदा चालवा.

पहिली चाचणी, पुनर्डॉकिंग. स्फटिकातले निर्देशांक वापरू नका, रेणू नव्याने बनवून डॉक करा. मिळालेली स्थिती आणि स्फटिकातली स्थिती यांतला आरएमएसडी, म्हणजे अणूंच्या जागांतला सरासरी फरक, २ अँगस्ट्रॉमच्या आत हवा. तो मोजताना दोन रेणू एकमेकांवर सरकवून जुळवू नका. जुळवून मोजलेला आकडा फक्त आकार सारखा आहे एवढेच सांगतो, जागा सारखी आहे की नाही ते सांगत नाही. कार्बॉक्सिलेटचे दोन ऑक्सिजन आणि ग्वानिडिनोचे नायट्रोजन अदलाबदलीयोग्य आहेत हे ओळखणारे साधन वापरा.

दुसरी चाचणी, आडवे डॉकिंग. ओसेल्टामिविरच्या रचनेत झानामिविर टाका आणि उलट. इथे आरएमएसडी थोडा वाढला तर ग्लुटामेट २७६कडे पाहा. ओसेल्टामिविरचा पेंटाइल गट बसण्यासाठी हे ग्लुटामेट वळते, आर्जिनिन २२४शी क्षारसेतू करते आणि एक तेलकट खोबण मोकळी होते. झानामिविरच्या ग्लिसरॉल साखळीला ग्लुटामेट न वळलेलेच हवे असते. कडक प्रथिनात एकच रूप असते, तेव्हा दोन्ही रचना समांतर वापरणे उत्तम.

तिसरी चाचणी, निवडशक्ती. वीस-तीस ज्ञात इनहिबिटर घ्या आणि प्रत्येकामागे पन्नास फसवे रेणू. फसव्यांचा रेणुभार आणि एकूण विद्युतभार खऱ्यांसारखाच हवा, नाहीतर प्रोग्रॅम फक्त भारावरून दोघांना वेगळे करेल. डीयूडी-ई या खऱ्या-फसव्या रेणूंच्या संचात न्यूरामिनिडेजचा तयार विभाग आहे. आरओसी वक्राखालील क्षेत्र (खरे आणि फसवे वेगळे ओळखण्याचे माप; १ म्हणजे अचूक) ०.५च्या आसपास आले तर तुमची पद्धत नाणेफेकीइतकीच उपयोगी आहे. तेव्हा पुढे जाऊ नका, स्कोअरिंग बदला.

या तीनही चाचण्या दोन-तीन दिवसांत होतात. त्या गाळून केलेल्या सहा महिन्यांच्या कामाचे काय होते, हे परीक्षकांना विचारा.

## टप्पा ५: स्कोअर वाचायला शिका

झानामिविरचा केआय (इनहिबिटरच्या पकडीचे माप; जितका लहान तितकी पकड घट्ट) सुमारे ०.२ नॅनोमोलर आहे. २५ अंशांना त्याची बंधन-ऊर्जा काढली तर ती उणे १३.२ किलोकॅलरी प्रतिमोल येते. व्हिना त्याच रेणूला यापेक्षा कितीतरी कमकुवत आकडा देते. कारण सरळ आहे: व्हिनाच्या सूत्रात आंशिक विद्युतभारांचे पदच नाही, आणि न्यूरामिनिडेजची पकड तर मुख्यतः भारांवरच उभी आहे. दुसरीकडे, सूत्रातली बहुतेक पदे अणूंच्या संपर्काबरोबर वाढतात, त्यामुळे मोठ्या रेणूला आपोआप जास्त गुण मिळतात. व्हिनाच्या मूळ निबंधातच तिची प्रमाण-त्रुटी २.८५ किलोकॅलरी दिली आहे. उणे ८.१ आणि उणे ८.६ यांतला फरक या त्रुटीत बुडून जातो.

म्हणून स्कोअरला अणुसंख्येने भागा. समजा रुटिनला उणे ९ मिळाले. त्यात हायड्रोजन वगळून ४३ अणू आहेत, म्हणजे प्रत्येकी ०.२१. झानामिविरच्या २३ अणूंवर प्रायोगिक ऊर्जा भागली तर ०.५७ येते. कुठला रेणू जागेचा नेमका उपयोग करतो हे यातून दिसते.

मग स्थिती बघा. कार्बॉक्सिलेट किंवा तसाच ऋण गट आर्जिनिन ११८, २९२, ३७१ या त्रिकुटात बसला नसेल तर रेणू बाजूला ठेवा, स्कोअर कितीही चांगला असो. उरलेल्यांसाठी भार मोजणारी दुसरी पद्धत वापरा: ऑटोडॉक ४चे सूत्र, आणि शेवटच्या दहा-वीस रेणूंसाठी एमएम-जीबीएसए, म्हणजे द्रावणाचा परिणामही धरणारे ऊर्जा-गणित.

मॉलिक्युलर डायनॅमिक्स करणार असाल तर १०० नॅनोसेकंदांचे एक लांब धावणे पुरत नाही. वेगवेगळ्या सुरुवातीच्या वेगांनी निदान तीन धावा करा. संपूर्ण प्रथिनाचा आरएमएसडी सपाट झाला म्हणून रेणू बांधलेला आहे असे होत नाही. कार्बॉक्सिलेट आणि आर्जिनिन ३७१ यांतले अंतर आलेखात दाखवा. एकट्या घटकाचे सिम्युलेशन केल्यास १५०-लूप वाजवीपेक्षा जास्त हलतो, संगणक परवानगी देत असेल तर चारही घटक घ्या.

## टप्पा ६: रेणू बदला, एका वेळी एका ठिकाणी

सक्रिय जागेत चार खोबणी धरून विचार करा.

पहिली, कार्बॉक्सिलेटची: तीन आर्जिनिनांची. हिला हात लावू नका.

दुसरी, झानामिविरच्या चौथ्या कार्बनची: ग्लुटामेट ११९, ॲस्पार्टेट १५१ आणि ग्लुटामेट २२७ असे तीन ऋण गट इथे आहेत. १९९३मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात याच जागेचा उपयोग केला होता. मूळ रेणू डाना (सायलिक ॲसिडसारखा इनहिबिटर), केआय सुमारे ४ मायक्रोमोलर. चौथ्या कार्बनवरच्या हायड्रॉक्सिलऐवजी अमिनो बसवल्यावर सुमारे ५० नॅनोमोलर. अमिनोऐवजी ग्वानिडिनो, आणि ०.२ नॅनोमोलर. दोन बदलांत वीस हजार पट. मधल्या पायरीचे मोजमाप होते म्हणूनच कुठल्या बदलाने काय मिळाले ते कळले. एकदम तीन ठिकाणी बदल केला असता तर ही माहिती मिळाली नसती.

तिसरी, ॲसिटामिडोची: आर्जिनिन १५२, ट्रिप्टोफॅन १७८ आणि आयसोल्युसिन २२२ यांच्यामधली लहान जागा. मेथिलपेक्षा फारसे मोठे काही इथे मावत नाही.

चौथी, बाजूच्या साखळीची: इथे ग्लुटामेट २७६ वळते की नाही यावर सगळे अवलंबून. एच२७४वायमध्ये टायरोसिनचा मोठा गट या वळणाच्या आड येतो, म्हणून ओसेल्टामिविर निकामी होते आणि न वळवता बसणारे झानामिविर टिकते. नव्या रेणूची ही बाजू रचताना, ‘याला ग्लुटामेट वळायलाच हवे का?’ हा प्रश्न पहिल्या आराखड्यातच विचारा. त्याचे उत्तर ३सीएल० या एच२७४वाय रचनेत डॉक करून तपासता येते.

सावधान: ओसेल्टामिविर आणि झानामिविरच्या कार्बनांचे क्रमांक जुळत नाहीत. झानामिविरचा चौथा, पाचवा, सहावा म्हणजे ओसेल्टामिविरचा अनुक्रमे पाचवा, चौथा, तिसरा. ‘सी-४वर अमिनो’ असे नुसते लिहिले तर कृत्रिम रसायनशास्त्रज्ञ भलताच रेणू बनवून देईल. खोबणीचे नावही लिहा.

याच सुमारास रेणू बनवता येईल का हेही विचारून घ्या. पाच असममित केंद्रांचा रेणू कागदावर देखणा दिसतो. पंधरा टप्प्यांच्या संश्लेषणाला मार्गदर्शक होकार देत नाहीत.

## टप्पा ७: एन्झाइम-चाचणी

मुनाना या सब्स्ट्रेटमधून (एन्झाइम ज्याच्यावर काम करते तो रेणू) एन्झाइम ४-मेथिलअंबेलिफेरोन मोकळे करते आणि त्याची चमक मोजायची, इतके साधे तत्त्व आहे. पण संयुगे तपासण्याआधी चाचणी स्वतः तपासावी लागते.

साहित्य. चतुष्टय बनवणारे पुनर्संयोजित एन१, म्हणजे ज्याला टेट्रामरीकरणाचा तुकडा जोडलेला आहे असे. नुसते एकेरी डोके असेल तर क्रियाशीलता फार कमी मिळते. बफर: ३२.५ मिलिमोलर एमईएस, ४ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, पीएच ६.५. सपाट तळाच्या काळ्या ९६-खळगी प्लेट. थांबवणारे द्रावण: ०.१ मोलर ग्लायसिन, पीएच १०.७, २५ टक्के इथेनॉलसह. प्रमाण म्हणून ओसेल्टामिविर कार्बॉक्सिलेट आणि झानामिविर. दोन्ही पाण्यात विरघळतात.

फॉस्फेट बफर वापरू नका, कॅल्शियम साक्यासारखे खाली बसते. प्रथिनाच्या साठ्यात ईडीटीए असेल तर तो कॅल्शियम ओढून घेतो आणि क्रियाशीलता पडते. मुनाना उणे २० अंशांना, उजेडापासून दूर, लहान भागांत ठेवा. वारंवार वितळवून गोठवल्यास ते आपोआप तुटते आणि पार्श्वभूमी वाढते.

पायरी १. एन्झाइमचे दुपटीने विरलन करून कोणत्या प्रमाणात ६० मिनिटे चमक सरळ रेषेत वाढते ते शोधा. १०० मायक्रोलिटरमध्ये १०० मायक्रोमोलर सब्स्ट्रेट म्हणजे १० नॅनोमोल. त्यातले १ नॅनोमोलपेक्षा जास्त संपू देऊ नका. किती संपले हे ४-मेथिलअंबेलिफेरोनच्या प्रमाण-वक्रावरून काढा, आणि तो वक्र थांबवणाऱ्या द्रावणासह बनवा, कारण या रेणूची चमक अल्कधर्मी पीएचमध्येच पूर्ण खुलते.

पायरी २. २५ मायक्रोलिटर एन्झाइम आणि २५ मायक्रोलिटर संयुग. संयुगाचे द्रावण अंतिम प्रमाणाच्या चौपट असावे. डीएमएसओ अंतिम १ टक्का हवे असेल तर या द्रावणात ४ टक्के. सगळ्या खळग्यांत, नियंत्रणांतही, तेवढेच.

पायरी ३. ४५ मिनिटे तसेच ठेवा. ही पायरी घाईत गाळली जाते. झानामिविर आणि ओसेल्टामिविर कार्बॉक्सिलेट एन्झाइमवर हळू बसतात. लगेच सब्स्ट्रेट घातले तर आयसी-५० (एन्झाइमचे काम निम्मे करणारे संयुगाचे प्रमाण) खऱ्यापेक्षा मोठा येतो. आपला रेणू कसा वागतो हे कळण्यासाठी शून्य मिनिटे आणि ४५ मिनिटे अशा दोन प्लेट करा.

पायरी ४. २०० मायक्रोमोलर मुनाना ५० मायक्रोलिटर घाला, अंतिम १०० मायक्रोमोलर. ३७ अंश, ६० मिनिटे, प्लेट झाकून. कडेच्या खळग्यांतले पाणी उडते, तिथे फक्त बफर ठेवा.

पायरी ५. १०० मायक्रोलिटर थांबवणारे द्रावण. ३६० नॅनोमीटरने उत्तेजित करून ४५० ते ४६० दरम्यान वाचा.

प्रमाणांची मालिका. प्रमाण औषधांसाठी १००० नॅनोमोलरपासून तिपटीने खाली ११ बिंदू, म्हणजे सुमारे ०.०२ नॅनोमोलरपर्यंत. अनोळखी संयुगांसाठी १०० मायक्रोमोलरपासून ८ बिंदू. प्रत्येकी तीन खळगे, आणि संपूर्ण प्रयोग तीन वेगळ्या दिवशी.

नियंत्रणे. एन्झाइम नसलेले. संयुग नसलेले. त्याशिवाय दोन नियंत्रणे हमखास विसरली जातात: संयुग आणि बफर, म्हणजे संयुग स्वतः चमकते का, संयुग आणि ४-मेथिलअंबेलिफेरोन, म्हणजे ते चमक गिळते का. हळदीतले कर्क्युमिन, क्वेर्सेटिन, कूमारिने, रंगीत वनस्पती-अर्क यांच्या बाबतीत ही दोन नियंत्रणे नसतील तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. जे एन्झाइमचे रोधन वाटते ती अनेकदा फक्त झाकली गेलेली चमक असते.

पुढे जाण्याआधी: झेड-प्राइम (चाचणी किती विश्वासार्ह आहे त्याचे माप) ०.५पेक्षा जास्त आहे का? प्रमाण औषधांचा आयसी-५० संवेदनशील एन१वर साधारण १ नॅनोमोलरच्या आसपास येतो का? शेकडो नॅनोमोलर येत असेल तर बाटलीत एस्टर किंवा फॉस्फेट मीठ आहे की काय ते पाहा.

## टप्पा ८: आकडे बसवा, मग संशय घ्या

चार घटकांच्या समीकरणाने वक्र बसवा. हिल उतार (वक्र किती तीव्र आहे त्याचे माप) १च्या जवळ हवा. तो २कडे गेला तर संयुगाचे गोळे बनून ते एन्झाइमला चिकटत असण्याचा संभव मोठा. ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० घालून प्रयोग पुन्हा करा, आणि एन्झाइम दुप्पट करून पाहा. ट्रायटनने रोधन नाहीसे झाले तर तो रेणू यादीतून काढा. पॉलिफेनॉलांच्या बाबतीत हे फार वेळा घडते.

आयसी-५० हा सब्स्ट्रेटच्या प्रमाणावर अवलंबून असतो, केआय नसतो. स्पर्धक इनहिबिटरसाठी आयसी-५०ला १ अधिक सब्स्ट्रेट भागिले केएम यांनी भागा (केएम म्हणजे ज्या सब्स्ट्रेट-प्रमाणाला एन्झाइमचा वेग निम्मा असतो ते प्रमाण). सब्स्ट्रेट १०० आणि केएम ५० मायक्रोमोलर असेल, तर ९० नॅनोमोलर आयसी-५०चा केआय ३०. केएम दुसऱ्याच्या निबंधातून उचलू नका, आपल्या एन्झाइमवर मोजा.

आणखी एक मर्यादा: खूप घट्ट बसणाऱ्या रेणूचा आयसी-५० एन्झाइमच्या सक्रिय प्रमाणाच्या निम्म्याखाली जाऊच शकत नाही. खळग्यात १ नॅनोमोलर एन्झाइम असेल तर ०.५ नॅनोमोलरखालचे रेणू सारखेच दिसतील. तिथे घट्ट बसणाऱ्या रेणूंसाठीचे मॉरिसनचे समीकरण वापरा.

## टप्पा ९: प्रतिरोधक रूपे आणि मानवी एन्झाइमे

संवेदनशील एन१वर चांगला ठरलेला रेणू त्याच आठवड्यात पुनर्संयोजित एच२७५वायवर तपासा, आणि शक्य असेल तर एन२च्या ई११९व्ही व आर२९२के या प्रतिरोधक रूपांवर. अशी प्रथिने विकत मिळतात. निकाल पटीत लिहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या गटाची पद्धत अशी: इन्फ्लूएन्झा एसाठी १० पटीपेक्षा कमी वाढ सामान्य, १० ते १०० पट कमी झालेले रोधन, १००पेक्षा जास्त फार कमी झालेले. बी प्रकारासाठी हेच उंबरठे ५ आणि ५०.

माणसाच्या शरीरातही चार सायलिडेज, म्हणजे न्यूरामिनिडेजसारखीच एन्झाइमे, आहेत, एनईयू१ ते एनईयू४. झानामिविर एनईयू२ आणि एनईयू३ला मायक्रोमोलर पातळीवर रोखते, म्हणजे विषाणूच्या एन्झाइमपेक्षा हजारो पट जास्त प्रमाण लागते. तुमच्या रेणूत हे अंतर निदान शंभर पट नसेल तर चौथी खोबण पुन्हा रचा.

जिवंत विषाणूवरचे काम इथून पुढे येते आणि ते महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेत करायचे नाही. हंगामी विषाणूलाही बीएसएल-२ (जैवसुरक्षेचा दुसरा स्तर) आणि संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते. पुण्याच्या एनआयव्हीसारख्या (राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था), हेच काम रोज करणाऱ्या संस्थेशी सहकार्य करा. निकाल वाचताना एक लक्षात ठेवा: एमडीसीके (कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या) पेशींवर न्यूरामिनिडेज इनहिबिटरने प्लाकची (विषाणूने पेशी मारून पडलेल्या ठिपक्यांची) संख्या फारशी घटत नाही, आकार घटतो. फक्त संख्या मोजणाऱ्याला चांगला रेणूही निष्क्रिय वाटतो. सीसी-५० (निम्म्या पेशी मारणारे प्रमाण) त्याच पेशींवर, तेवढ्याच वेळासाठी मोजून घ्या.

विषाणूच्या पॉलिमरेजमधल्या पीए एन्डोन्यूक्लिएज या दुसऱ्या एन्झाइमवर काम करणाऱ्यांसाठी हाच क्रम लागू आहे, फक्त एक मोठा फरक: तिथे सक्रिय जागेतच दोन धातू-आयन आहेत आणि बालोक्साविर आम्ल त्यांनाच धरते. धातूचा भार चुकला तर डॉकिंग पूर्ण चुकते. चाचणीच्या बफरमध्ये मँगनीज हवे, आणि कुठलाही धातू ओढणारा रेणू तिथे खोटा सकारात्मक निकाल देऊ शकतो. प्रतिरोधासाठी तपासायचे पहिले रूप आय३८टी (३८व्या जागी आयसोल्युसिनऐवजी थ्रिओनिन).

## टप्पा १०: तोंडाने घेता येईल का

कार्बॉक्सिलेट आणि ग्वानिडिनो एकाच रेणूत असले की आतड्यातून शोषण होत नाही. झानामिविरची तोंडावाटे जैवउपलब्धता २ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणून ते श्वासावाटे घ्यावे लागते. ओसेल्टामिविरमध्ये ग्वानिडिनोऐवजी अमिनो आहे, ग्लिसरॉलऐवजी तेलकट पेंटाइल, आणि कार्बॉक्सिलवर एस्टर. त्यामुळे तोंडाने दिलेल्या मात्रेचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग कार्बॉक्सिलेट म्हणून रक्तात पोहोचतो.

एस्टर जोडायचा निर्णय कार्बॉक्सिलेटचा आयसी-५० हातात आल्यावरच घ्या. इथाइल, आयसोप्रोपाइल असे दोन-तीन एस्टर बनवा आणि प्रत्येक मानवी यकृताच्या एस-९ अंशात (पेशी फोडून मिळणाऱ्या एन्झाइमयुक्त भागात) आणि मानवी प्लाझ्मात किती वेळात तुटतो ते मोजा. उंदराच्या प्लाझ्मावर विसंबू नका. उंदरांच्या रक्तात कार्बॉक्सिलएस्टरेज मुबलक असते, माणसाच्या प्लाझ्मात ते जवळजवळ नसते. उंदराच्या रक्तात दहा मिनिटांत तुटणारा एस्टर माणसाच्या रक्तात तासन्‌तास तसाच फिरू शकतो. नमुने गोळा करताना नळीत एस्टरेज रोखणारे रसायन घाला, नाहीतर एस्टर नळीतच तुटत राहतो आणि मोजमापात कार्बॉक्सिलेट जास्त दिसते.